हात वर करा, सर

सोलापुरात एप्रिल महिन्यात काहीही गोठत नाही. पारा 43 अंशांना टेकलेला असतो, नळाचं पाणी चहाला निम्मं तयार होऊन येतं आणि फ्रीजसुद्धा बर्फ करायला दुपारभर वेळ मागून घेतो. अशा दिवसांत माझा डावा खांदा गोठला.

झालं ते फार साधं. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर कडक भाकरीचा डबा असतो. उजव्या हातात शेंगाचटणीची वाटी होती, म्हणून डबा काढायला डावा हात वर नेला, तर तो खांद्याच्या रेषेच्या अलीकडेच थांबला. दुखला म्हणून थांबला असंही नाही; दुखणं मागाहून आलं. आधी तो नुसता थांबला, एसटी स्टँडच्या तोंडाशी थांबावी तसा. रस्ता मोकळा, इंजिन चालू आणि ड्रायव्हर उतरून गेलेला.

"अहो, डबा काढताय की त्याला सलाम करताय?" सौभाग्यवतींनी विचारलं.

मग घरगुती उपाय सुरू झाले. उशी उन्हात टाकली. खांद्यावरून लाटणं फिरवून झालं. शेजारच्या काकूंनी एखाद्या पायाळू माणसाचा पाय लावून घ्या म्हणून सांगितलं. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने लाथ लावली की भरलेली उसण उतरते, हे आपल्याकडे शिकल्यासवरलेल्यांनाही ठाऊक असतं. विश्वास नसला तरी जवळपासच्या पायाळूचा पत्ता असतो. तीस वर्षं मास्तरकी केल्यामुळे मला लाथ मारायला उत्सुक असलेले विद्यार्थी गावात पुष्कळ निघाले असते. पण त्यांतला पायाळू कोण, याची नोंद शाळेच्या दाखल्यावर नसते.

शेवटी फिजिओथेरपीला गेलो, तर तिथल्या मॅडम माझ्याच वर्गातल्या निघाल्या. एके काळी मागच्या बाकावर बसून वहीच्या शेवटच्या पानावर मोर काढणारी मुलगी आता पांढरा कोट घालून समोर उभी होती आणि म्हणत होती, "हात वर करा, सर."

हे वाक्य मी तीस वर्षं म्हणत आलो. येतंय त्यांनी हात वर करा, गृहपाठ न केलेल्यांनी हात वर करा. वर न गेलेल्या हातांबद्दल मी तेव्हा काय काय बोलायचो, ते आठवून मान खाली गेली. शिवाय मराठीत हात वर करणं म्हणजे जबाबदारी झटकणं. आयुष्यभर कशातच हात वर केले नाहीत अशी माझी स्वतःबद्दलची समजूत होती, आणि आता करायचे ठरवले तर जमत नव्हतं.

मॅडमनी एक कोनमापक काढला. कंपासपेटीतल्या कोनमापकाचाच थोरला भाऊ. दोन लांब पट्ट्या आणि मध्ये अंशांची चकती. तो दंडाला लावून त्यांनी आकडा वाचला. "70. खरं तर 180 च्या आसपास जायला पाहिजे." भूमितीत मी नेहमीच निम्म्याखाली होतो, त्यामुळे या निकालाचं तितकं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते त्यांनी फाइलवर लिहिलेल्या एका शब्दाचं. "खूपच स्टिफ आहे, सर."

स्टिफ! इंग्रजीचा मास्तर म्हणून मी शेकडो मुलांना विशेषण म्हणजे काय ते शिकवलं. नामाबद्दल अधिक माहिती सांगतो तो शब्द विशेषण. फळ्यावर 'स्टिफ कॉलर' लिहून कॉलरखाली रेघही मारली असेल. पण त्या शब्दाच्या पुढचं नाम म्हणून मी स्वतः उभा राहीन, असं कधी वाटलं नव्हतं.

आता हा शब्द तसा खानदानी आहे. जुन्या इंग्रजीपासून चालत आलेला, जर्मनमध्ये त्याचा भाऊ 'श्टाइफ' म्हणून नांदतो. अर्थ सरळ: सहज न वाकणारं, सहज न हलणारं. पण घरातला एकच कर्ता पुरुष सगळीकडे धावतो, तशी इंग्रजी माणसं या एकाला जुंपतात. मान स्टिफ, कॉलर स्टिफ, मळलेलं पीठ स्टिफ. परीक्षेचा पेपर स्टिफ, दंड स्टिफ, वारा स्टिफ, स्पर्धा स्टिफ. सढळ हाताने ओतलेली व्हिस्की स्टिफ. दुःख गिळून बसलेल्या साहेबाचा वरचा ओठ स्टिफ. अमेरिकेत राबणारा साधा कामगार म्हणजे 'वर्किंग स्टिफ', आणि राबून राबून तो मेला की त्याचं प्रेत हाही स्टिफच. माणूस जिवंत असो वा मेलेला, शब्द बदलायचा त्रास नाही.

भाषांतराच्या तासाला या शब्दाने माझी बरीच करमणूक केली आहे. 'स्टिफ कॉम्पिटिशन'चं एका मुलाने 'ताठ स्पर्धा' केलं होतं. मी लाल रेघ ओढली, पण मनात त्याची अडचण कळत होती. कारण मराठीत प्रत्येक ठिकाणी वेगळा माणूस कामाला ठेवावा लागतो. कॉलर कडक, पीठ घट्ट, पेपर अवघड, दंड जबर, वारा भन्नाट, स्पर्धा अटीतटीची, ओठ घट्ट मिटलेला. स्वभाव ताठर, भेंडी निबर, आणि परक्याच्या घरी खुर्चीच्या कडेवर बसलेला पाहुणा अवघडलेला. एवढी माणसं पदरी ठेवायची म्हणजे खर्चाचं काम आहे, पण घर भरलेलं वाटतं.

भीतीचं तर उलटंच. इंग्रज घाबरला की त्याचं लाकूड होतं. 'स्केअर्ड स्टिफ' म्हणतात. आपण घाबरलो की आपलं पाणी होतं. हातपाय गळतात, पाय लटपटतात. थिजणारे लोक आपल्यातही आहेत, नाही असं नाही. पण शाळेत इन्स्पेक्टर यायचे त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये गळालेल्यांची संख्या थिजलेल्यांपेक्षा जास्त असायची, हे मी पाहिलेलं आहे.

हे सगळं मनात घोळवत मी दुसऱ्या दिवशी शेकासाठी बाकावर नंबर लावून बसलो होतो. सोलापुरात कुठल्याही बाकावर तीन भाषा बसलेल्या असतात. माझ्या उजवीकडे पूर्व भागातले एक गृहस्थ, यंत्रमागावर आयुष्य काढलेले, घरची बोली तेलुगू. डावीकडे अक्कलकोटकडच्या एक आजी, घरची बोली कन्नड. वेळ जात नव्हता, म्हणून मी मास्तरकीच्या सवयीने प्रश्न टाकला: मान अशी झाली तर तुमच्याकडे काय म्हणतात?

गृहस्थ म्हणाले, "मेडा पट्टेसिंदी."

"म्हणजे?"

"म्हणजे धरलीया की ओ."

आजी म्हणाल्या, "कुत्तिगी हिडदैती." आणि मला विचारायची गरजच पडू न देता त्यांनी स्वतःच्या मानेभोवती पंजा आवळून अर्थ करून दाखवला. धरली.

मी थक्क झालो. आमच्याकडेही मान धरतेच की. कंबर धरते, पाठ धरते. एकमेकींशी वेळप्रसंगी भांडणाऱ्या तीन भाषा या एका मुद्द्यावर एका बाकावर बसल्या होत्या. तिघींचंही म्हणणं एकच: माझी मान काही मुळात अशी नाही. तिला कुणीतरी पकडलंय.

मग मी मराठीतली दुखणी आठवू लागलो आणि एक गंमत लक्षात आली. आपल्याकडे अंगाच्या तक्रारींना विशेषण क्वचित, क्रियापद फार. उसण भरते. लचक भरते. पायात गोळा येतो, पेटका येतो, मुंग्या येतात. खांदा जखडतो, पाय आखडतात, अंग आंबतं. म्हणजे दुखणं ही कुणीतरी येण्याची, भरण्याची, धरण्याची गोष्ट. पाहुण्यासारखी. आणि जो येतो तो जातो, जे भरतं ते उतरतं, जे धरतं ते सुटतं. दुसऱ्या वाक्याची सोय पहिल्यातच करून ठेवलेली. 'स्टिफ' म्हटलं की मात्र तो तुमचा गुणधर्म झाला, जसा उंच, जसा सावळा, जसा टकला. टकल्याला कुणी विचारत नाही, कधी सुटणार म्हणून.

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सर, हात हलवत राहा, बोलणं नंतर." एके काळी मी त्यांना नेमकं हेच वेगळ्या शब्दांत सांगत असे.

पण त्यांनी या दुखण्याची हकीकत मात्र नीट समजावून दिली. खांदा हा शरीरातला सगळ्यात जास्त फिरणारा सांधा. उथळ वाटीत मोठा गोळा ठेवावा तशी त्याची रचना, म्हणून तो पुढे, मागे, वर, गोल कुठेही जातो. त्याभोवती एक पातळ पिशवी असते. ती सुजते, जाड होते, आकसते, आणि आत गोळ्याला हलायला जागा उरत नाही. चाळिशी ते साठीच्या दरम्यान हे जास्त होतं, बायकांना अधिक होतं, मधुमेह असेल तर आणखी. आधी दुखतं, मग जखडतं, मग हळूहळू सुटतं. या तीन मुक्कामांना एक ते तीन वर्षंही लागतात. बोस्टनच्या कॉडमन नावाच्या सर्जनने 1934 साली याचं 'फ्रोझन शोल्डर' हे नाव रूढ केलं. व्याख्या करायला अवघड, बरा करायला अवघड आणि का होतो ते सांगायलाही अवघड, असा त्याचा एकूण सूर होता. नाव ठेवताना त्याच्या खिडकीबाहेर बर्फ पडत असणार, हे मी मनाने ठरवून टाकलं आहे. जपानी लोक याला सरळ 'पन्नाशीचा खांदा' म्हणतात. मला साठीनंतर झाला, म्हणजे जपानी हिशेबाने मी अजून तरुण आहे.

घरी मात्र या आजाराचं निदान वेगळ्याच शास्त्राने झालं. शेकाचं ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "मग बरोबर आहे. विरी गेलाय तुमचा खांदा."

ज्यांच्या घरी भाकरी होते त्यांना हे सांगावं लागणार नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हाचा चिवटपणा नसतो. दळून फार दिवस झाले की ते विरी जातं. मग कितीही मळा, भाकरी थापताना कडेने चिरते. उपाय एकच, गरम पाणी आणि तळव्याचा जोर. मॅडम नेमकं तेच करत होत्या. आधी गरम पिशवीचा शेक, मग तळव्याने रगडणं. त्यांनी यासाठी साडेचार वर्षं अभ्यास केला. आमच्या घरी ही विद्या परातीतून मिळाली.

खरं तर ताठपणाबद्दल बोलायचा अधिकार सोलापूरइतका क्वचितच कुठल्या गावाला असेल. आमची कडक भाकरीच पाहा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या पांढऱ्याशुभ्र मालदांडीची भाकरी पापडासारखी पातळ थापायची, भाजायची, आणि वाळवून कडक करायची. मग ती दिवसचे दिवस टिकते, प्रवासाला जाते, मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांच्या डब्यात बसते. मोडेन पण वाकणार नाही, ही म्हण तिच्यावरूनच पडली असावी असा माझा संशय आहे. पण हीच बाणेदार भाकरी दह्यात किंवा आमटीत चुरली की दोन मिनिटांत लोण्यासारखी मऊ होते. तिचा ताठा प्रवासापुरता असतो.

चादरीचंही तेच. सुताला मागावर चढण्याआधी खळ लावतात, म्हणजे मागाच्या घासाघाशीत धागा तुटत नाही. त्यामुळे दुकानातून आणलेली कोरी सोलापुरी चादर अंगावर घेतली की ती अंगावर पसरत नाही, उभी राहते. पहिल्या रात्री माणूस चादरीखाली झोपत नाही, तंबूत झोपतो. चार धुण्यांनंतर खळ निघून जाते आणि चादर माणसाळते. मग ती वीस वर्षं साथ देते. खळ लावायची ती विणून होईपर्यंत, हे विणकराला कळतं. आम्हा मास्तरांना ते निवृत्त होईपर्यंत कळत नाही. वर्गात पाऊल टाकताना चेहऱ्याला लावलेली खळ मी कित्येक वर्षं घरी येऊनही धुतली नव्हती. हे परवा चिरंजीव हसत हसत सांगून गेले.

सगळाच ताठपणा धुऊन टाकायचा असतो असं मात्र नाही. या गावात 12 जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार पडतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा लागला आणि 12 जानेवारी 1931 ला या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. नुसती नावं वाचली तरी सोलापूर कळतं. त्या मानांना ताठ म्हणताना इंग्रजीतला कोणताच शब्द मला पुरत नाही. आखडलेली मान आणि ताठ मान यांत फरक एवढाच, की पहिली वाकवता येत नाही आणि दुसरी वाकवायची नसते. मराठीने या दोघींना दोन शब्द दिले, याचे मी भाषेचे आभार मानतो.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. माझा व्यायाम चालू होता. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि डाव्या हाताची दोन बोटं मुंगीच्या चालीने वर चढवायची. जिथवर पोचतील तिथे सौभाग्यवती दर रविवारी पेन्सिलीने रेघ मारायच्या. त्याच भिंतीवर चिरंजीवांच्या उंचीच्या जुन्या रेघा आहेत. आम्ही घराला रंग दिला तेव्हा तेवढी पट्टी सोडली होती. माझी बोटं जूनमध्ये त्याच्या तिसरीच्या रेघेशी होती, दिवाळीला सातवीत गेली. वयाच्या या टप्प्यावर वरच्या वर्गात जाण्याचा आनंद काय असतो, ते पुन्हा अनुभवलं. डिसेंबरात कोनमापकाने 120 दाखवले. मॅडम म्हणाल्या, "छान, सर. स्टिफनेस कमी झालाय." मी म्हटलं, "मराठीत सांग." त्यांनी क्षणभर विचार केला आणि मागच्या बाकावरून यायचं तसंच उत्तर आलं, "सुटतोय."

मग गड्डा आला. संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा. मानाचे सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, निघतात, अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा होते आणि सम्मती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा होतो. लहानपणापासून पाहतोय, पण यंदा पहिल्यांदाच खांद्याच्या नजरेने पाहिलं. नंदीध्वज लांबून अगदी ताठ दिसतो. जवळ गेलं की कळतं, तो सतत डुलतो आहे. वर नुसता झोल गेला की खाली पांढऱ्या बाराबंदीतला माणूस गुडघ्यात वाकतो, एक पाऊल सरकतो, कंबर वळवतो, आणि काठी पुन्हा उभी. यासाठी आधी कितीतरी दिवस सराव करतात. धरणारा आखडला तर काठी आडवी होईल. तिचा ताठपणा खालच्या माणसाच्या लवचीकपणावर उभा आहे.

गर्दीतून 'हर्र बोला हर्र' उठलं आणि अक्षता टाकायची वेळ झाली. उजव्या हातात नातवाचं बोट होतं. डावी मूठ भरून घेतली आणि हात वर नेला. खांद्याच्या रेषेपाशी तो क्षणभर घुटमळला, मग पुढे गेला. कानाच्याही वर.

अक्षता नंदीध्वजापर्यंत पोचल्या नाहीत. पुढे उभ्या असलेल्या एका गृहस्थांच्या टोपीवर पडल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं, मी हात जोडले.